पार्क बांधायला पैसे मिळतात, गवत कापायला मिळत नाहीत

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला नॅशनल पार्क माहीत असतं आणि घराजवळचं झोके-घसरगुंडीचं पार्कही. पण रविवारी तळ्याकाठी फिरायला किंवा वीस मैल सायकल मारायला तो जिथे जातो, ते बऱ्याचदा या दोहोंच्या मधलं असतं: रीजनल पार्क किंवा रीजनल ट्रेल. काउंटीचं, नाहीतर फक्त पार्कांसाठीच स्थापन झालेल्या डिस्ट्रिक्टचं. या मधल्या पायरीची पैशाची अडचण जुनीच आहे. वापरायला येतात पाच गावांचे लोक, कर भरतं एकच गाव. साहजिकच त्या गावाचे लोक विचारतात, बाहेरच्यांच्या सायकलींसाठी आम्ही का खर्च करायचा?

मिनेसोटात यावर दोन टप्प्यांत उत्तर निघालं. मिनियापोलिस-सेंट पॉलभोवतीच्या सात काउंट्यांसाठी १९७४ च्या कायद्याने रीजनल पार्क व्यवस्था आली. जमीन आणि रोजचा कारभार स्थानिक संस्थांकडे (आज त्या दहा आहेत), नियोजन आणि पैशाचं वाटप मेट्रोपॉलिटन कौन्सिल या सात काउंट्यांच्या सामाईक संस्थेकडे. राज्यातल्या उरलेल्या ऐंशी काउंट्यांसाठी असं काम पाहणारा आयोग नेमायला मात्र २०१३ उजाडलं. तिथे रीत अशी आहे, की आधी तुमचं पार्क किंवा ट्रेल ‘रीजनल’ दर्जाचं ठरायला हवं, मगच पैशाचा अर्ज. हा क्रम ज्यांना कळत नाही ते सुंदर नकाशे घेऊन थेट पैसे मागायला जातात आणि वर्ष फुकट घालवतात. दर्जा मिळताना पाहिलं जातं ते बाहेरगावची माणसं खरंच येतात का, जागेत नैसर्गिक असं काही आहे का, आणि जवळपास असंच दुसरं पार्क आधीच आहे का. तीन बेसबॉलची मैदानं आणि एक पिकनिक शेड एवढ्यावर रीजनल होता येत नाही, कितीही गर्दी असो.

मेट्रो भागात, म्हणजे त्या सात काउंट्यांत, तर शब्दागणिक अटी बदलतात. ‘पार्क रिझर्व्ह’ म्हणवून घ्यायचं तर किमान १,००० एकर हवेत आणि त्यातली ८० टक्के जमीन नैसर्गिक स्थितीत ठेवावी लागते. पार्किंग, पोहण्याचा किनारा, कॅम्पग्राउंड, रस्ते, हे सगळं उरलेल्या २० टक्क्यांत बसवायचं. दहा वर्षांनी कुणाला डिस्क गोल्फचा कोर्स हवासा वाटतो तेव्हा ही टक्केवारी आठवते.

पैसा येतो तो दोन वेगवेगळ्या खिशांतून, आणि एका खिशातला दुसऱ्यात घालता येत नाही. पहिला खिसा बांधकामाचा: जमीन घेणं, ट्रेल टाकणं, पूल, स्वच्छतागृह. दुसरा चालवण्याचा: गवत, कचरा, पगार, डिझेल. पहिल्या खिशात बाँड, ग्रँट, देणगी, सगळं येतं. फीत कापायला आमदारही येतात. ट्रेलखालच्या मोरीत अडकलेला गाळ काढायला कुणी ग्रँट देत नाही.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियातलं ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट. १९३४ साली, महामंदीच्या ऐन भरात, तिथल्या लोकांनी मतदान करून स्वतःवर कर बसवून घेतला: १०० डॉलरच्या मूल्यांकनावर पाच सेंट. पाणीपुरवठा खात्याकडची जादा झालेली डोंगरउतारावरची जमीन त्यातून पार्कांकडे आली. पुढे १९८८ मध्ये ‘मेझर एए’ने (मेझर म्हणजे लोकांच्या मताला टाकलेला प्रस्ताव) २२.५ कोटी डॉलरचे आणि २००८ मध्ये ‘मेझर डब्ल्यूडब्ल्यू’ने ५० कोटी डॉलरचे बाँड मंजूर झाले. दोन्ही वेळा पाऊण हिस्सा डिस्ट्रिक्टला आणि पाव हिस्सा शहरांना, म्हणजे प्रत्येक गावाला मत देण्यासाठी स्वतःचंही काही कारण राहिलं. ही वाटणी उदारपणापेक्षा हिशेबातून आलेली आहे, कारण असले बाँड मंजूर व्हायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात.

पण या बाँडचे पैसे जमीन घ्यायला आणि कायमस्वरूपी बांधकामालाच वापरता येतात. वणव्याचा धोका कमी करायला वाळलेली झुडपं काढायची, ट्रेलची डागडुजी करायची, माणूस ठेवायचा, तर पैसा दुसरीकडून आणायचा. म्हणून २००४ मध्ये ‘मेझर सीसी’ आलं: ओकलंड-रिचमंड पट्ट्यातल्या प्रत्येक स्वतंत्र घरामागे वर्षाला १२ डॉलर, पंधरा वर्षं. २०१८ मध्ये ‘मेझर एफएफ’ने तोच कर पुढे चालू ठेवला. महिन्याला एक डॉलर, पण तो मिळवायला पुन्हा तीच दोन तृतीयांश मतांची चढण. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने प्रॉपर्टी टॅक्सला १ टक्क्याचं झाकण बसवल्यानंतर तिथे दुसरी वाट फारशी उरलेली नाही.

मिनेसोटाने सेल्स टॅक्सची वाट धरली. नोव्हेंबर २००८ मध्ये लोकांनी घटनादुरुस्तीला मत देऊन सेल्स टॅक्स ०.३७५ टक्क्यांनी वाढवून घेतला, २५ वर्षांसाठी. म्हणजे १०० डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट. त्यातले १४.२५ टक्के पार्क आणि ट्रेलना. बाकी ३३-३३ टक्के स्वच्छ पाणी आणि वन्य अधिवासासाठी, १९.७५ टक्के कला आणि वारशासाठी. हिशेब करून पाहा: १०० डॉलरमागे पार्कांच्या वाट्याला येतात जेमतेम ५.३ सेंट. त्यातले ४० टक्के राज्याच्या पार्कांना, ४० टक्के मेट्रोच्या रीजनल पार्कांना, २० टक्के उरलेल्या ऐंशी काउंट्यांना. त्या ऐंशी काउंट्यांच्या हाती १०० डॉलरमागे एक सेंट आणि वर थोडी चिल्लर.

एक सेंट ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण दरवर्षी येणारा सेंट एकदाच येणाऱ्या ग्रँटपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. तो धरून पाच वर्षांचा आराखडा आखता येतो. खोट एवढीच, की लोकांनी खरेदी कमी केली की तो आटतो, आणि नेमक्या त्याच काळात पार्कांत गर्दी वाढते, कारण फिरायला पैसे पडत नाहीत.

त्या घटनादुरुस्तीत एक वाक्य आहे, जे प्रत्येक पार्क-समितीच्या सदस्याने पाठ करावं: हा पैसा नेहमीच्या तरतुदीला पूरक हवा, तिच्या बदल्यात वापरता येणार नाही. घडतं काय, तर नवीन निधी आला की काउंटी बोर्डाला वाटतं, आता पार्कांना मिळतंय ना, मग आपल्या बजेटमधून थोडं कमी करू. पार्काच्या हाती निव्वळ वाढ शून्य. हे पकडायचं तर निधी सुरू होण्याआधीच्या तीन-चार वर्षांचे खर्चाचे आकडे स्वतःजवळ ठेवावे लागतात. आणि मेट्रोच्या कायद्यात रीजनल पार्कांच्या चालू खर्चाचा ४० टक्के भार राज्याने उचलावा असं उद्दिष्ट लिहिलेलं आहे, प्रत्यक्ष तरतूद मात्र त्याच्या आसपासही पोचत नाही. कायद्यात लिहिलेलं उद्दिष्ट आणि बजेटमधला आकडा यांची गाठ पडेलच असं धरून माणसं नेमू नयेत.

मिसुरीची रीत वेगळी आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक. १९८४ पासून तिथे एक दशांश टक्का सेल्स टॅक्स आहे, निम्मा राज्याच्या पार्कांना, निम्मा माती-पाणी संवर्धनाला. तो पुन्हा मतदानाला जातो: १९८८, १९९६, २००६, २०१६, दरवेळी मंजूर. तिथल्या सरकारी पार्कांना प्रवेश फी नाही. शेतकऱ्याला बांध-बंदिस्तीसाठी पैसा आणि शहरवाल्याला पार्क, एकाच करातून. ही जोडी जमवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

केंद्राच्या पैशाकडे वळलो तर सगळ्यात मोठं नाव लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड. १९६४ चा कायदा. पैसा येतो मुख्यतः समुद्रातल्या तेल-वायूच्या भाडेपट्ट्यांतून. वर्षाला ९० कोटी डॉलरची मर्यादा कित्येक वर्षं कागदावरच होती. अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, त्यातला जमेल तेवढाच देई. ऑगस्ट २०२० च्या ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स ॲक्टने ती पूर्ण रक्कम दरवर्षी देणं बंधनकारक केलं. राज्यांमार्फत काउंटीपर्यंत येणाऱ्या भागात केंद्राचा वाटा जास्तीत जास्त ५० टक्के असतो आणि तो खर्च झाल्यावर मिळतो.

‘खर्च झाल्यावर’ हे शब्द छोट्या गावांना बुडवतात. समजा काम चार लाख डॉलरचं आणि ग्रँट दोन लाखांची. कॉन्ट्रॅक्टर दर महिन्याला बिल लावणार. ते बिल आधी तुम्ही भरायचं, मग पावत्या जोडून राज्याकडे पाठवायचं, मग कधीतरी निम्मे परत. म्हणजे हातात दोन लाख पुरत नाहीत, काही महिने जवळपास पूर्ण चार लाख फिरवायची सोय हवी. काउंटीच्या खजिनदाराला अर्ज करण्याआधीच भेटा, मंजुरीचं पत्र आल्यावर नव्हे. दुसरी फसगत भाववाढीची. ग्रँटची रक्कम मंजुरीच्या दिवशी गोठते, पण मंजुरी ते टेंडर यात सहज दीड-दोन वर्षं जातात. टेंडर चार लाखांऐवजी चार लाख ऐंशी हजारांचं आलं तर वरचे ऐंशी हजार तुमचेच. तुमचा वाटा निम्म्यावरून ५८ टक्क्यांवर गेला. म्हणून अंदाजपत्रक आजच्या दराने न करता कामाच्या वर्षाच्या दराने करायचं आणि वर १५ टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवायचे. डिझाइन, सर्वेक्षण, कामाची तपासणी यांचे वेगळे धरायचे. बांधकामाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ते सहज जातात.

आपल्या वाट्याची निम्मी रक्कम रोखच हवी असं नाही. दान मिळालेली जमीन, स्वयंसेवकांचे तास, काउंटीच्या यंत्रांचा वापर, हे धरता येतं. पण जमीन आधी नावावर करून घेतली आणि अर्ज नंतर केला, तर ती सहसा धरत नाहीत. विकणारा घाईत असेल तर घाईची मुभा आधी लेखी मागावी लागते. जमिनीची किंमतही केंद्राच्या ठरावीक पद्धतीने काढलेली लागते. बँकेसाठी केलेलं मूल्यांकन चालत नाही, आणि दुसऱ्यांदा करायचे पैसे तुमचे. स्वयंसेवकांच्या तासांसाठी त्या त्या दिवशीची सही केलेली हजेरी हवी. वर्षअखेरीला आठवून भरलेला तक्ता तपासणीत टिकत नाही.

ट्रेलसाठी दुसरा स्रोत म्हणजे रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम, १९९१ चा. रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलवरचा केंद्रीय कर हे त्याचं मूळ. यात केंद्राचा वाटा सर्वसाधारणपणे ८० टक्क्यांपर्यंत. प्रत्येक राज्याने ३० टक्के मोटारगाड्यांच्या ट्रेलवर, ३० टक्के बिनमोटारीच्या आणि ४० टक्के मिश्र वापराच्या ट्रेलवर खर्च करायचे. अनेकांना वाटतं मिश्र म्हणजे मोटारी हव्यातच. तसं नाही, पायी आणि घोड्यावरचे असे दोन वेगळे वापरही मिश्रात बसतात. अर्ज लिहिताना हे दाखवलं, तर मोठ्या हिश्शात उभं राहता येतं. याच पैशातून जुन्या ट्रेलची दुरुस्तीही करता येते, आणि हे फार थोड्या ठिकाणी मिळतं.

आता जमिनीवर या. अर्जात ‘एक मैल ट्रेल’ एवढंच लिहिलं की आकडा नेहमी कमी पडतो. चुनखडीच्या बारीक खडीचा दहा फूट रुंद, दाबून चार इंच जाडीचा ट्रेल धरा. एक मैल म्हणजे ५,२८० फूट. गुणाकार केला की १७,६०० घनफूट, म्हणजे साधारण ६५० घनयार्ड दाबलेला माल, वजनात सुमारे १,२०० टन. पंधरा टनी ट्रकच्या ऐंशी खेपा. या ऐंशी खेपा येणार कुठून? आत शिरायला एकच तोंड असेल, तर पहिल्या पावसात ट्रकच्या चाकांनी खालची जमीनच खचते. त्यासाठी आत शिरायचा तात्पुरता पक्का रस्ता आणि ट्रक वळवायच्या जागा अंदाजपत्रकात धराव्या लागतात, आणि नेमक्या त्याच धरलेल्या नसतात.

खडी कोणती हेही लिहून द्यायचं: तीन अष्टमांश इंचाच्या चाळणीतून गेलेली, कचेसकट (म्हणजे बारीक भुकटीसकट). कच धुऊन काढलेली खडी दिसायला स्वच्छ, पण ती कधी बसतच नाही. सायकलचं चाक रुततं, व्हीलचेअर अडकते. आधी वरची काळी माती पूर्ण काढायची, मऊ जागी जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, मग खडी ओलसर करून रोलर. कोरडी खडी कितीही वेळा दाबली तरी वर मोकळी राहते. आडवा उतार २ टक्के: दहा फुटांत अडीच इंचांहून किंचित कमी. त्याहून कमी ठेवला तर पाणी साचतं, जास्त ठेवला तर व्हीलचेअर बाजूला ओढली जाते. लांबीच्या दिशेने चढ ५ टक्क्यांच्या आत ठेवा. त्याहून तीव्र उतारावर खडी पावसाबरोबर खाली जाते आणि दर वसंतात ती पुन्हा वर आणावी लागते. तिथे तेवढा तुकडा डांबरी करणं अखेर स्वस्त पडतं.

डांबरी ट्रेल मोडतो तो बहुधा कडेने. डिझाइन करणारा सायकलींचा विचार करतो. प्रत्यक्षात त्यावर सगळ्यात जड फिरतो तो पार्क खात्याचाच कचरा उचलणारा ट्रक. खालचा खडीचा थर डांबराच्या कडेला संपवला, तर चाकाखाली कड तुटते. तो थर दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर काढायचा, बाजूला दोन फूट सपाट कड ठेवायची. झाडांच्या मुळांचं दुसरं दुखणं. पॉप्लरसारखी झाडं जवळ असली की काही वर्षांत डांबर आडवं फुगतं. आणि मोरीचा पाइप बारा इंचांऐवजी अठरा इंचांचा टाका. पाइपच्या किमतीतला फरक एकदाच पडतो. बारा इंची पाइप पानांनी आणि बीव्हरच्या (फांद्यांनी पाणी अडवणाऱ्या प्राण्याच्या) कृपेने चोंदतो आणि पाणी ट्रेलवरून वाहून तो कापून नेतं.

अर्जाच्या वेळापत्रकात एक ऋतू हमखास विसरला जातो. पाणथळ जागेची हद्द ठरवायला वनस्पती आणि माती पाहावी लागते, आणि बर्फाखाली ती दिसत नाही. नोव्हेंबरात आठवण झाली की मे उजाडेपर्यंत थांबा. केंद्राचा पैसा असेल तर १९६६ च्या ऐतिहासिक वारसा कायद्याखाली पुरातत्त्वाची तपासणीही लागते, आणि तळी-नद्यांच्या काठी, जिथे सगळ्यांना ट्रेल हवा असतो, तिथेच आदिवासी जमातींच्या जुन्या वस्त्यांच्या खुणा निघण्याचा संभव जास्त. तपासणीआधी जेसीबी फिरवला तर ग्रँट गेली म्हणून समजा.

चालू खर्चाचा आकडा अर्जासोबतच काढून ठेवावा, कुणी मागितला नाही तरी. एका मैलाच्या दोन्ही कडांना तीन-तीन फूट गवत कापायचं म्हणजे पाऊण एकराला थोडं कमी. एका खेपेला ते काहीच नाही, पण हंगामात दहा-बारा खेपा, आणि यंत्र ट्रेलरवर चढवून आणण्या-नेण्यात कापण्यापेक्षा जास्त वेळ. त्यात वादळानंतर पडलेली झाडं, खड्ड्याच्या संडासांचा उपसा, डांबरातल्या भेगा भरणं. भेग अर्धा इंच रुंद व्हायच्या आत भरली तर डांबर पंधरा-वीस वर्षं निघतं. थंडीत पाणी शिरून गोठू दिलं तर त्याच्या निम्म्यात नवा थर टाकायची वेळ येते. फी लावून हे भागवू म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की लँड अँड वॉटर फंडाचा पैसा घेतलेल्या जागी बाहेरच्यांची फी स्थानिकांच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. शिवाय ट्रेलला वीस तोंडं असतात. फी गोळा होते ती फक्त पार्किंगवर आणि कॅम्पग्राउंडवर.

त्याच फंडाची सगळ्यात लांब पोचणारी अट कलम ६(एफ)ची. एकदा पैसा घेतला की ती जागा कायमची मैदानी करमणुकीसाठी बांधली जाते. साधारणपणे नुसता बांधलेला तुकडा नव्हे, अख्खं पार्क. स्वच्छतागृहासाठी पन्नास हजार घेतले तरी दोनशे एकरांवर ही अट बसू शकते. पुढे तिथे अग्निशमन केंद्र, मोबाइल टॉवर किंवा वाचनालय घालायचं तर तितक्याच बाजारभावाची आणि तितक्याच उपयोगाची दुसरी जमीन द्यावी लागते, केंद्राच्या मंजुरीने. मला ही अट आवडते, तिच्यामुळे कित्येक पार्कं वाचलेली आहेत. पण अर्ज करताना हद्दीचा नकाशा डोळे उघडे ठेवून आखायला हवा. शेजारचा रस्ता रुंद होणार असेल तर ती पट्टी आधीच बाहेर ठेवा. नकाशाची एक प्रत पार्क खात्यात, एक काउंटीच्या इंजिनिअरकडे, एक वकिलाकडे द्या. निदान पाच वर्षांतून एकदा तपासणी होते, आणि तपासणारा तोच नकाशा घेऊन येतो. तोवर अर्ज करणारी माणसं बदललेली असतात, आणि कोपऱ्यात रस्ते खात्याने बर्फ वितळवायच्या मिठाचं गोदाम बांधलेलं असतं.